शैवलीचे मूळरूप

एकदा एक ऊर्मिज स्त्री अकरा वर्षांनी आपल्या आईला भेटायला निघाली, आणि घर नजरेच्या टप्प्यात आल्यावर तिच्या ध्यानात आले, की आपले स्वतःचे रूप कसे होते हेच आपल्याला आठवत नाही.

ऊर्मिज म्हणजे समुद्रात राहणारे लोक. रूप पालटण्याची विद्या त्यांना जन्मतःच मिळालेली असे. वाटले तर मासा व्हावे, वाटले तर पाणपक्षी होऊन लाटांवरून उडावे, किनाऱ्यावर काही काम निघाले तर माणूस होऊन बाजारात फिरून यावे. या बाबतीत त्यांना कसलेच बंधन नव्हते. रिवाज एकच होता, पण तो फार कडक. कुणी मरणाला टेकले असेल, तर त्याच्या भेटीला मूळरूपातच जायचे. उसन्या रूपात शेवटची भेट घेणे हा जाणाऱ्या जिवाचा अपमान मानला जाई.

शैवली ऊर्मिजांची दूत होती. दक्षिणेच्या बर्फाळ पाण्यापासून उत्तरेच्या खाड्यांपर्यंत निरोप पोहोचवणे हे तिचे काम. बर्फात सील, खाडीत मगर, बंदरावर मासळी विकणारी बाई. ज्या ठिकाणी जे रूप निभेल ते घ्यायचे आणि पुढे निघायचे. तिच्याइतकी सफाईने रूप पालटणारी दुसरी कुणी नाही असे सगळे म्हणत, आणि ते खरेही होते. या धावपळीत स्वतःच्या रूपात शेवटचे कधी विसावले होते, हे मात्र तिला सांगता आले नसते.

गुहेच्या तोंडाशी कर्का मावशी तिची वाट पाहत उभी होती.

"आलीस एकदाची! सहा दिवस झाले, तुझ्या आईनं अन्नाला शिवलेलं नाही. शैवली आली की खाईन, एवढंच म्हणते. दृष्टी तर दोन वर्षांपूर्वीच गेली. वैद्य म्हणतात, अजून दोन भरत्या निघतील, फार तर तीन. चल, मूळरूप घे आणि आत ये."

शैवली दाराशीच थांबली. तिने सहज विचारल्यासारखे विचारले, "मावशी, मी कशी दिसायचे गं?"

"कशी म्हणजे? उंच, सडपातळ. कानामागं निळ्या रेषा."

मागे उभा असलेला मावसभाऊ म्हणाला, "निळ्या कुठल्या? हिरव्या होत्या. आणि ही कसली सडपातळ? चांगली गुबगुबीत होती."

शेजारणीला विचारले, तर तिने तिसरेच सांगितले. तेव्हा शैवलीने सगळ्यांचे थोडे थोडे घेऊन एक रूप जुळवले. उंची मावशीची, हिरव्या रेषा भावाच्या, डोळे शेजारणीच्या आठवणीतले. नवे रूप ओल्या मातीसारखे असते, कुणाचा हात लागला तर बिघडते. म्हणून ती आत जाऊन आईपासून दोन हात दूर बसली, पाठ ताठ ठेवून.

"आई, मी शैवली. तुझी प्रकृती कशी आहे?"

म्हातारीने आवाजाच्या दिशेने हात पुढे केला. शैवली नकळत किंचित मागे सरकली. हात तसाच काही वेळ पाण्यात राहिला आणि मग परत गेला.

"कर्के," आई क्षीण आवाजात म्हणाली, "या बाई कोण आल्यात? लांबून आलेल्या दिसतात. त्यांना काहीतरी दे आणि जाऊ दे. मला माझी मुलगी हवी."

शैवली उठून बाहेर आली. मावशी काही बोलत होती, ते तिला ऐकू आले नाही. ती तडक सामुद्रधुनीकडे निघाली. तिथे, दोन बेटांमधल्या अरुंद वाटेवर, तिचे वृद्ध गुरू राहत. रूप पालटण्याची कला तिने लहानपणी त्यांच्याचपाशी घटवली होती. सगळे ऊर्मिज त्यांना तात म्हणत.

तिने सगळी हकिकत सांगितली आणि त्यांचे पाय धरले. "तात, मला माझं रूप परत शिकवा. वेळ अगदी थोडा आहे."

तातांनी बाहेर बोट दाखवले. ओहोटी लागली होती आणि सामुद्रधुनीतले पाणी फेसाळत बाहेर धाव घेत होते.

"या ओढीविरुद्ध पोहत पलीकडच्या सुळक्यापर्यंत जा आणि परत ये."

"आणि मग शिकवाल?"

"जा आधी."

ती गेली. मासोळी होऊन, अंग बाणासारखे निमुळते करून ती सुळक्याला शिवून आली. तात म्हणाले, "पुन्हा." ती पुन्हा गेली. "पुन्हा." चौथ्या खेपेला ती थांबली. तिचा संताप अनावर झाला होता.

"तिकडे माझी आई मरणपंथाला लागली आहे, आणि तुम्ही मला इथे पोहायला लावता? ही कसली विद्या? की म्हातारपणी तुम्हीही विसरलात, आणि तसं सांगायला लाज वाटते?"

तात रागावले नाहीत. ते एका थोराड कासवाच्या रूपात तिच्या शेजारी येऊन तरंगू लागले आणि एवढेच म्हणाले, "माझ्यावर विश्वास नसेल तर परत जा. असेल तर पोह."

ती पोहली. कितव्या खेपेला कुणास ठाऊक, पण तिच्या अंगातले त्राण सरले. मासोळीचे रूप आपोआप सुटले. पोहण्याचे पर हात झाले, हातांवर पिसे आली, पिसे गळून खवले उमटली. काय होते आहे ते तिला आवरेना. अकरा वर्षांत प्रथमच तिचे शरीर तिच्या ताब्यात नव्हते. ती बुडू लागली, तेव्हा तातांनी तिला आपल्या पाठीवर घेतले आणि ते थेट तिच्या आईच्या गुहेकडे निघाले.

कर्का मावशी दारात आडवी उभी राहिली. "तात, हे काय? अशा अवस्थेत? हिला धड एकही रूप नाही. रिवाज काय सांगतो?"

"वाट सोड, कर्के."

त्यांच्या आवाजात असे काही होते, की ती बाजूला झाली.

तातांनी शैवलीला अलगद आईच्या अंथरुणाशी उतरवले. ताठ बसण्याचे बळ तिच्यात उरलेच नव्हते. ती आईच्या अंगावर कोसळली आणि तिथेच पडून राहिली.

म्हातारीचा हात हळूहळू तिच्यावरून फिरू लागला. त्याला आधी ओली पिसे लागली, मग खरखरीत खवले, मग माणसाचा खांदा, मग पुन्हा पिसे. हात कुठेही अडखळला नाही.

"केवढी दमलीस गं," आई म्हणाली. "किती वेळ लावलास."

शैवलीला हुंदका आवरेना. आई तिला थोपटत राहिली. थोड्या वेळाने तिला आठवण झाली. "अगं, मघाशी एक बाई आल्या होत्या. फार नीटनेटकं बोलत होत्या. तू पाठवलं होतंस का त्यांना?"

रडता रडता शैवलीला हसू फुटले. "हो आई. मीच पाठवलं होतं."

"बऱ्या होत्या. पण मला त्यांच्यासमोर अवघडल्यासारखं झालं." मग म्हातारीने मान वळवली. "कर्के, कालवांचा रस आहे का गं? भूक लागली आहे."

कर्का मावशी धावत सुटली.

आईने वाटीभर रस घेतला, मग आणखी अर्धी वाटी. संध्याकाळच्या भरतीला वैद्य येऊन गेले. नाडी पाहून त्यांनी भुवया उंचावल्या आणि आपला अंदाज चुकल्याचे मोकळेपणाने कबूल केले. म्हातारी अजून बरेच दिवस काढील असे ते म्हणाले. आई शांत झोपली, तेव्हा शैवली बाहेर आली. तात खडकावर बसले होते.

"तात, मी तुम्हाला नको ते बोलले."

"तुझ्या जागी मीही बोललो असतो. बैस."

ती बसली. तात म्हणाले, "तू जन्मलीस तेव्हा मी याच गुहेत होतो. आपल्या लोकांचं मूल पहिले काही दिवस कुठल्याच रूपात टिकत नाही. सकाळी तू कोळंबीएवढी होतीस, दुपारी तुला पंख होते, दिवस कलताना तू नुसता फेस. इतरांना हातात धरायची भीती वाटायची. तुझ्या आईनं मात्र त्या दिवसांत एकदाही विचारलं नाही, की ही तीच का. तू दमून तिच्या अंगावर पडायचीस आणि तिला तेवढं पुरायचं. रूप आम्हा बाकीच्यांना लागतं, शैवली, ओळख पटवायला. मघाशी तिनं हात पुढे केला आणि तू मागे सरलीस. रूप बिघडेल म्हणून. तिच्या हाताला दुसरं काय कळणार होतं?"

शैवली म्हणाली, "हे तुम्ही मला तेव्हाच का नाही सांगितलंत? इतकं पोहायला कशाला लावलंत?"

तात हसले. "सांगितलं असतं, तर तू दमल्याचंही एक सुरेख रूप करून गेली असतीस. माझी सर्वांत हुशार शिष्या आहेस तू."

शैवली उठली. आपले हात कसे दिसतात, कानामागच्या रेषा निळ्या की हिरव्या, हे पाहावे असे तिला एकदाही वाटले नाही. तिने तातांना नमस्कार केला आणि ती आत जाऊन आईच्या कुशीत झोपली.

फार वर्षांनी आपल्या माणसांच्या भेटीला जाणाऱ्याने दाराशी थांबून चेहरा नीट करण्याआधी शैवलीची ही गोष्ट एकदा आठवून पाहावी.