एका पायावरचा पराग

डोंगराच्या उतारावर अंजनाचे एक जुने झाड होते आणि त्याच्या ढोलीत मधमाश्यांचे एक मोठे घराणे नांदत असे. मुलांनो, मधमाश्यांच्या घरात कोणी रिकामे बसत नाही, हे तुम्ही ऐकले असेलच. कोणी मेणाचे खण बांधते, कोणी पिल्लांना भरवते, कोणी पंखांनी वारा घालते. पण सगळ्यांत मोठा मान असतो तो बाहेर जाऊन फुलांतला रस आणि पराग आणणाऱ्या माश्यांचा. पावसाळ्याचे चार महिने दाराबाहेर पाऊल टाकता येत नाही, त्यामुळे त्याआधी घर भरून ठेवावे लागते.

आता फुले सापडली, तर ती कुठे आहेत हे इतरांना कसे सांगायचे? तोंडाने सांगता आले असते, पण त्या घरात तसे सांगणे हलके मानत. वाट सांगायची ती नाचून, अशी पूर्वापार रीत होती. बाहेरून आलेली माशी पोळ्यावर अंग थरथरवत तिरकी चाले, वळसा घेऊन मागे येई आणि पुन्हा तशीच चाले. जितकी तिरकी चाल, तितके सूर्यापासून वळायचे; जितका वेळ थरथर, तितके दूर जायचे. ढोलीत अंधार असल्यामुळे बाकीच्या माश्या नाचणारीला मिशा लावून तिच्या मागे मागे फिरत आणि एवढ्यावरून वाट ओळखून भुर्र उडून जात.

नव्याने पंख फुटलेल्या माश्यांना हा नाच शिकवण्याचे काम एका वयस्क माशीकडे होते. सगळ्या तिला दाई म्हणत. तिचे पंख कडेने फाटले होते, त्यामुळे आता तिच्याने लांब उडवत नसे, पण जीभ मात्र शाबूत होती. आपल्या हाताखालची एकही माशी कधी वाट चुकली नाही, असे ती अभिमानाने सांगे. ज्या चुकल्या, त्यांची ती गणती करत नसे.

त्या वर्षी उन्हाळ्याच्या तोंडाशी दाईकडे एक धाकटी माशी शिकायला आली. धाकटी अंगाने चपळ होती, बोलायला गोड होती आणि पहिल्याच दिवशी तिने नाच अर्धा सोडला. नाचणारी तिसरा वळसा घेत होती, तेवढ्यात ढोलीच्या फटीतून उन्हाची एक तिरीप आत आली आणि धाकटी ती बघायला निघून गेली. दुसऱ्या दिवशी तिने नाच शेवटपर्यंत पाहिला आणि बरोबर उलट्या दिशेला उडाली. तिथे एक वाळलेला नाला होता आणि एक सरडा होता. सरड्याच्या तावडीतून ती कशीबशी सुटून आली.

एवढ्याने काही बिघडले नसते, पण त्या घरात एक नियम होता. बाहेर पडू लागल्यापासून सातव्या दिवसाच्या संध्याकाळपर्यंत जी माशी पायावर पराग घेऊन येणार नाही, तिला दारातून आत घ्यायचे नाही. हा नियम कोणी केला ते कोणालाच आठवत नव्हते, पण तो पाळायला दारावर एक धिप्पाड पहारेकरीण होती. किती दिवस झाले, ती दार सोडून कुठे गेली नव्हती. आणि ढोलीबाहेरच्या गारठ्यात एकट्या माशीची एक रात्रसुद्धा निघत नाही.

तेव्हा दाईने कंबर कसली. तिसऱ्या दिवशी तिने धाकटीला एकच नाच अकरा वेळा पाहायला लावला. बाराव्या वेळी बाहेर ऊनच उरले नव्हते. चौथ्या दिवशी तिने धाकटीला आवाज चढवून बजावले की, इतर सगळ्यांना जमते ते तुला जमत नाही याचा अर्थ तू मनच लावत नाहीस. धाकटी म्हणाली की नाच फार भराभर होतो, आणि गर्दीत नाचणारी कोण नि बघणारी कोण, तेच कळत नाही. त्यावर आजूबाजूच्या माश्या हसल्या. एक जण म्हणाली, "नाचता येईना, अंगण वाकडे." दाईलाही हसू आले.

दारावरची पहारेकरीण मात्र हसली नाही. ती कोरड्या आवाजात एवढेच म्हणाली, "पालथ्या घड्यावर पाणी. कशाला दमतेस दाई?"

धाकटी दाईजवळ सरकली. "मन लावते गं मी," ती हळूच म्हणाली. "पण ते राहतच नाही. मी धरून ठेवते, तरी सुटतं. मग तू रागावतेस, आणि मग तर ते तुझ्या रागाकडेच जाऊन बसतं."

दाईला वाईटही वाटले आणि रागही आला. पाचव्या दिवशी सकाळी तिने हात टेकले आणि निदान काही कामात तरी राहील म्हणून धाकटीला पिल्लांना भरवायला धाडले. मधाच्या कोठीतून थेंब घ्यायचा आणि एकेका पिल्लाच्या तोंडात घालायचा, एवढेच ते काम. दाई मागे उभी राहून पाहत होती. धाकटी प्रत्येक थेंब आधी जिभेवर घेई आणि पिल्लाशी बोले. "हा पांगाऱ्याचा बरं का. हा करवंदीचा, पण सावलीतल्या करवंदीचा. आणि हा तुरट लागतो ना, तो कालच आलाय, जांभळीचा."

दाईला वाटले, पोर मनाचे सांगते आहे. तिने जाऊन ते तिन्ही खण चाखले. तिन्ही बरोबर होते. मग तिने मुद्दाम मागचे, जुने, कोणाच्या लक्षात नसलेले खण उघडून धाकटीपुढे धरले. धाकटीने एकेक चव सांगितली, आणि तेवढा सगळा वेळ ती एकदाही इकडेतिकडे गेली नाही.

मुलांनो, शिकवणाऱ्याला आपली चूक दिसते तेव्हा ती एकदम दिसत नाही. दाई बराच वेळ कोठीत तशीच बसून राहिली. नाचता येईना अंगण वाकडे, असे म्हणून सगळ्या हसल्या होत्या, पण ते अंगण एकदा तरी कोणी पाहिले होते का? अंधारे, उभे, माश्यांनी गजबजलेले ते पोळे धाकटीला कसे दिसत असेल, हे दाईने कधी मनात आणले नव्हते. दुसरी रीत असू शकते हेच तिच्या डोक्यात आले नव्हते. चार दिवस तिने जे दार बंद होते तेच जोरजोरात ठोठावले होते.

त्या दुपारी तिने धाकटीला नाचापाशी नेलेच नाही. जांभळीच्या रसाचा एक थेंब तिच्या जिभेवर ठेवला आणि म्हणाली, "ही चव सोडू नकोस. आता माझ्यामागून त्या वठलेल्या बेहड्यापर्यंत चल. तेवढंच. पुढचं काही विचारू नकोस."

घरात कुजबुज झाली. दाई म्हातारचळाने रीत मोडते आहे, तोंडाने वाट सांगते आहे, असे बोलले गेले. दाईने कानाडोळा केला. बेहड्यापर्यंत जाताना धाकटी मध्येच एका कोळ्याच्या जाळ्यातला चमकणारा थेंब पाहून थांबली. दाईच्या तोंडाशी नेहमीचे वाक्य आले होते, पण तिने ते गिळले आणि धाकटीला मिशीने हलकेच टोचले. धाकटी लगेच निघाली. दुसऱ्यांदा थांबली, दुसऱ्यांदा टोचले. संध्याकाळपर्यंत दोघी बेहड्यापर्यंत चार वेळा जाऊन आल्या.

सहाव्या दिवशी दाईने पुढचा तुकडा दिला. बेहड्यावरून खालच्या ओढ्याचा आवाज येतो. तो आवाज धरून जायचे, डोहापाशी आवाज थांबला की बसायचे आणि बसल्यावर वारा हुंगायचा. जांभळीची चव वाऱ्यात सापडली की तिच्या मागे जायचे. एका वेळी एकच गोष्ट लक्षात ठेवायची, पुढची नाही आणि मागचीही नाही. पण दाईचे पंख बेहड्याच्या पुढे साथ देत नव्हते. तिथून पुढे धाकटीला एकटीलाच जावे लागणार होते, आणि त्या दिवशी ती दोनदा गेली नि दोनदा ओढ्यावरूनच परत आली.

सातव्या दिवशी ऊन वर येताच धाकटी निघाली. दाई बेहड्याच्या वाळक्या फांदीवर बसून राहिली. दुपार झाली. ज्या माश्या धाकटीनंतर निघाल्या होत्या, त्या पाय भरून दोन-दोनदा परत गेल्या. धाकटीचा पत्ता नव्हता. सरड्याची आठवण होऊन दाई फांदीच्या टोकापर्यंत सरकली. ऊन कलले तेव्हा तिचे पंख गारठू लागले आणि ती उडत, बसत, उरलेली वाट चालत ढोलीपाशी पोचली.

पहारेकरीण दारात उभी होती. दाईने तिला विनवले की धाकटीला आणखी चार दिवस द्यावेत. पहारेकरणीने मान हलवली. नियम सगळ्यांना सारखा, असे ती म्हणाली.

"सारखा कसा?" दाई म्हणाली. "सात दिवसांतले चार मी वाया घालवले. तिने नाही. शिकवायला मी चुकले आणि बाहेर ती राहणार?"

पहारेकरीण दारातून हलली नाही. दाई मग आत गेलीच नाही. दारासमोरच्या सालीवर पंख मिटून बसली आणि म्हणाली, "मग मीही इथंच आहे." आतल्या माश्या दाराशी गोळा झाल्या. दाईला आत ओढायचे कोणाला धाडस होईना आणि बाहेर सोडून जायलाही कोणाचा पाय निघेना. डोंगराआड सूर्याची फक्त कड उरली होती.

तेवढ्यात ओढ्याच्या बाजूने एक बारीक गुणगुण ऐकू आली. धाकटी येत होती, पण सरळ येत नव्हती. एका अंगाला झुकून, हेलकावे खात येत होती. दारात उतरताना ती जवळजवळ कोलमडली. दाईने धावत जाऊन तिला मिशा लावल्या. धाकटीच्या उजव्या मागच्या पायावर परागाचा एवढा मोठा गोळा होता की तो पायापेक्षा जड झाला होता. डावा पाय स्वच्छ रिकामा होता.

कोणीतरी विचारले की हे असे कसे. धाकटी धापा टाकत म्हणाली, "ओढा सापडला. आवाज थांबला तिथे बसले. मग काय करायचं ते विसरले. खूप वेळ विसरले. मग वारा आला आणि चव आठवली. जांभळी सापडली आणि मी भरत बसले. दुसरा पाय आहे, हेच लक्षात राहिलं नाही."

या वेळी कोणी हसले नाही. सगळ्या पहारेकरणीकडे पाहत होत्या. पहारेकरीण पुढे आली. तिने आपल्या मिशा त्या परागाच्या गोळ्यावर ठेवल्या आणि बराच वेळ तशाच ठेवल्या. नंतर रिकाम्या पायावरही ठेवल्या. मग ती दारातून एक पाऊल बाजूला झाली.

"दुसऱ्या पायाचं उद्या बघू," ती म्हणाली. "आत जा, गारठलीस."

धाकटी आत गेली. दाईला इतका आनंद झाला की तिला रडावेसे वाटले, आणि माश्यांना रडता येत नाही म्हणून ती नुसतीच थरथरत राहिली. हळूहळू दाराशी जमलेल्या माश्या पांगल्या. दाईही आत वळली, तेव्हा पहारेकरणीने तिला थांबवले.

"दाई, मला ओळखलंस का?" तिने विचारले.

दाईने ओळखले नव्हते. पहारेकरीण म्हणाली, "मीही तुझ्याकडेच शिकले. नाच मला कधीच कळला नाही. दोनदा वाट चुकले. तिसऱ्या दिवशी दारावर उभं राहायला कोणीतरी हवं होतं, तेव्हा मी आपणहून पुढं झाले. शाबास म्हणालीस तू मला. त्याआधी मात्र पालथा घडा म्हणाली होतीस. तो शब्द तुझाच."

दाईला आठवले. आठवले तेव्हा तिच्या मिशा खाली झुकल्या. धाकटीवर रोखलेल्या त्या कोरड्या शब्दाला तिनेच जन्म दिला होता, आणि ज्या माशीवर तो आधी टाकला होता, ती इतके दिवस दारावर उभी राहून येणाऱ्याजाणाऱ्यांचे पाय तपासत होती. पहारेकरणीच्या बोलण्यात तक्रार नव्हती, आणि तेच दाईला फार लागले.

"किती पराग हुंगून आत सोडला मी," पहारेकरीण पुढे म्हणाली. तिचा आवाज आता अगदी लहान झाला होता. "पण जांभळीचं झाड कधी पाहिलं नाही. उशीर झाला असेल ना आता?"

दाई कोठीत गेली. जांभळीचा खण शोधून तिने एक थेंब घेतला आणि दारात येऊन पहारेकरणीच्या जिभेवर ठेवला. "ही चव सोडू नकोस," ती म्हणाली. "सकाळी बेहड्यापर्यंत जाऊ. तेवढंच."

सकाळी दारावर दुसऱ्या एका माशीला उभे करून दोघी बेहड्याकडे निघायला तयार झाल्या, तर दाराशी आणखी तीन माश्या थांबलेल्या होत्या. त्यांतली एक अंगण वाकडे म्हणणारीच होती. एरवी ती इतरांच्या मागे मागे उडून वेळ निभावत असे. दाईने कोणाला काही विचारले नाही. पाच थेंब मोजून आणले, कारण पाचवी धाकटी होती. ती पुढेही अधूनमधून एक पाय विसरून येई, आणि तेव्हा दारावरची माशी तिला अडवण्याऐवजी आठवण करून देई.

तात्पर्य : कोणाला नाचता येत नसेल, तर त्याला बोल लावण्याआधी एकदा अंगण पाहून घ्यावे. एका मुलासाठी शिकण्याची नवी वाट पाडली, की पूर्वीच हरून गप्प बसलेले कितीतरी जण तिच्यावरून चालू लागतात.