रेघेबाहेरचे तांबडे ठिपके

फार वर्षांपूर्वी मी एका वेधशाळेत पेन्सिल होते आणि स्वतःला खगोलशास्त्रज्ञ समजत होते. ताऱ्यांचा अभ्यास करणाऱ्या चांदोरकरबाई सांगतील तसे मी कागदावर तारे टिपायचे. तेजस्वी वर, मंद खाली, निळे डावीकडे, तांबडे उजवीकडे.

बहुतेक ठिपके एका तिरप्या पट्ट्यात नीट बसले. काही तांबडे तारे मात्र भलतेच तेजस्वी निघाले आणि वरच्या कोपऱ्यात जाऊन बसले. माझं सुंदर काम बिघडलं. बाई चहाला गेल्यावर मी म्हणाले, "खोडरबरदादा, एवढे पुसून टाका."

"थांब गं," कागद म्हणाला. "लग्नाच्या पंगतीत पोरं, तरुण, म्हातारे एकदमच दिसतात ना? तसंच हे. पट्ट्यातले भर उमेदीतले आहेत. कोपऱ्यातलेही कधीकाळी तिथेच होते. म्हातारपणी फुगले, म्हणून तांबडे होऊनही एवढे चमकतात. यांना पुसलंस, तर पट्ट्यातल्यांचं पुढे काय होतं ते कळायचं कसं?"

तेवढ्यात बाई परतल्या. त्यांनी मला उचललं, "ही बोटभरच उरली की," म्हणाल्या आणि नवी पेन्सिल काढली.

मी तर स्वतःला पट्ट्यातलीच समजत होते.