साळूबाईंची खापरी

फार जुन्या काळी बर्फाच्या डोंगराखाली प्राण्यांची एक वस्ती होती. सगळे रोज खापरी घेऊन अस्वलाच्या दारी विस्तव मागायला जात. शेजारी मागायची सोय नव्हती, कारण घरोघरी भांडणं होती; साळूबाई आणि शेजारचे मुंगूसराव यांच्यात तर बांधावरच्या एका बोरीपायी विस्तवही जात नव्हता.

एका कडाक्याच्या थंडीत अस्वल म्हणालं, “साळूबाई, मी सांगेन तोच पाटील नेमा, नाहीतर खापरी रिकामी न्या.”

घरी पिल्लं गारठली होती. तरी साळूबाई पुटपुटल्या, “एकाच दुकानाचं गिऱ्हाईक झालं की दुकानदार आपल्या माजघरात येऊन बसतो!” आणि रिकामी खापरी घेऊन त्या थेट मुंगूसरावांच्या दारात उभ्या राहिल्या.

“वाट चुकलात का, वहिनी?”

“टोमणे मागाहून मारा, भाऊजी. निखारा आहे?”

“राखेखाली एक जपलाय. पण लाकडं संपलीत.”

“लाकडं माझ्याकडे ढीगभर!”

त्या दिवशी दोघांत विस्तव गेला, मग घरोघरी गेला. एक चूल विझली, तर पेटवायला दहा शेजारी तयार. पाटीलही वस्तीनं आपल्याच मतानं नेमला.

पुढे एकदा अस्वलाचीच चूल विझली. ते खापरी घेऊन, मान खाली घालून आलं. साळूबाईंनी ती काठोकाठ भरली.

“बदल्यात काय देऊ?” अस्वलानं विचारलं.

“काही नको. आमच्याकडे विस्तवाबरोबर पाटील देत नाहीत हो!”