सोललेल्या काजूचा करार

"पण बाबा, दोघींतली जास्त गरीब कोण, हे आधी पाहायला नको का?"

जयवंत आरोसकरनं असं विचारलं, तेव्हा पुरीबाबा चुलीपाशी उकिडवे बसले होते. त्यांनी एक लाकूड मागं ओढलं. जाळ कमी झाला.

मठाच्या मागच्या पडवीत मोठ्या टोपात पेज रटरटत होती. दोडामार्गच्या वाटेवर, डोंगराच्या पायथ्याशी हा गोसाव्यांचा जुना मठ. अच्युतपुरी तिथले शेवटचे. गाव त्यांना पुरीबाबा म्हणे.

जयवंत याच गावचा. त्याची आई सुमती काजूच्या कारखान्यात बिया फोडायची. शाळा सुटली की पोर मठात येऊन बसे. व्याकरण तो इथं शिकला, तर्क इथं शिकला, वाद घालायलाही इथंच शिकला. आता तो दिल्लीत व्यापारखात्यात मोठ्या हुद्द्यावर होता. परदेशाशी करार व्हायचा असला की देशाच्या बाजूनं बोलणी करायला तो बसे.

असाच एक करार त्यानं नुकताच तडीला नेला होता. सही तेवढी राहिली होती. सहीला जाण्याआधी गुरूचा आशीर्वाद घ्यावा, म्हणून तो आला होता.

बाबांनी एवढंच विचारलं होतं, "काय घेतलंस? काय दिलंस?"

त्यानं उत्साहानं सांगितलं होतं. आपल्याकडे शिवलेल्या कपड्यांवरची जकात समोरच्या देशानं उठवली. बदल्यात त्यांच्याकडून येणाऱ्या सोललेल्या काजूवरची जकात आपण उठवली. तिकडचे काजूगर आता इथल्या बाजारात इथल्यापेक्षा स्वस्त मिळणार होते.

"म्हणजे इथं बी फोडायचं काम संपलं," बाबा म्हणाले होते.

"कपडे शिवणाऱ्या बायकांना काम मिळेल, बाबा. त्याही गरीबच आहेत. आणि तिकडं काजू सोलणाऱ्या बायका तर इथल्यांहून गरीब. मी स्वतः जाऊन पाहिलंय."

आणि मग त्यानं तो प्रश्न विचारला होता. इथली आणि तिकडची, दोघींतली जास्त गरीब कोण?

बाबांनी टोपात करवंटीची डवली फिरवली. म्हणाले,

"तिकडं काय पाहिलंस?"

"त्यांची बोटं. टरफलातल्या तेलानं जळून काळी पडलेली. इथल्यासारखीच... आईच्या बोटांसारखी."

"आता त्यांचं काम वाढेल."

"हो. खूप."

"मजुरी?"

जयवंतनं चुलीपुढची राख काटकीनं सारली.

"मजुरी वाढेल का, जयवंता?"

"त्यांचा माल खपतो तो स्वस्त असतो म्हणून, बाबा. मजुरी वाढली तर..."

"वाढेल का?"

"नाही."

चुलीत एक ओलं लाकूड धुमसत होतं. धूर डोळ्यांत गेला, तरी बाबांनी तोंड फिरवलं नाही.

"या बायांच्या हातातून गेलं. त्या बायांच्या हातात पडलं नाही... मग गेलं कुठं?"

जयवंतपाशी याचं उत्तर होतं. व्यापाऱ्यांची नावं त्याला ठाऊक होती. जहाजांची, गोदामांची, मोठमोठ्या दुकानांची नावंही ठाऊक होती. तो म्हणाला,

"आम्ही एक कलम मांडलं होतं, बाबा. दोन्हीकडच्या कामगाराला न्याय्य मजुरी मिळते हे दाखवल्याशिवाय माल सीमेपार जायचा नाही, असं. तसं कलम सहसा कुणी मांडत नाही. मी मांडलं."

"मग?"

"त्यांना नको होतं."

"आणि आपल्यांना?"

"...आपल्यांनाही नको होतं. कपड्यांचे कारखानदार अडून बसले. उद्या तेच कलम त्यांच्यावर उलटलं असतं."

"काढलं कुणी?"

जयवंतनं खाली पाहिलं.

"काढावं असं मी सुचवलं. नाहीतर बोलणी फिसकटली असती. सगळ्यांनी माझे हात हातात घेऊन आभार मानले."

बाहेर चपलांचे आवाज आले. पायरीवर बायका येऊन बसू लागल्या. प्रत्येकीनं घरून ताट आणलं होतं. कुणी कुणाशी फारसं बोलत नव्हतं.

"या कोण?" जयवंतनं विचारलं.

"कारखान्यातल्या."

"पण करार अजून लागू कुठं झालाय?"

"मालकाला कराराचा वास आला. यंदा त्यानं बी घेतलीच नाही. फाल्गुनात कुलूप लावलं." बाबा उठले. गुडघ्यावर हात ठेवून क्षणभर थांबले, मग डवली त्यांनी जयवंतच्या हातात दिली. "वाढ."

"मी?"

"तू."

जयवंतनं शर्टाच्या बाह्या वर सारल्या आणि पेज वाढू लागला. खाली मान घालून वाढत होता. पुढं आलेली बोटं तेवढी त्याला दिसत होती. तिसऱ्या की चौथ्या ताटाशी कुणीतरी त्याचं मनगट धरलं.

"जयवंता? कधी इलंस रे?"

शेवंतीकाकी होती. कारखान्यात त्याच्या आईशेजारी तिची बैठक. आई आजारी पडली, त्या अख्ख्या पावसाळ्यात जयवंत तिच्याच घरी जेवला होता. आई गेली, तेव्हा त्याला पोटाशी धरून तीच बसली होती.

"सकाळी आलो, काकी."

"किती बारीक झालंस. जेवतंस काय थंय?" तिनं शेजारणीकडं वळून सांगितलं, "सुमतीचो झील. परदेशात जाऊन मोठ्या लोकांवांगडा बोलता." मग पुन्हा त्याच्याकडं पाहिलं. "आमच्यासाठी काय बोललंस रे?"

सगळ्या जणी बघू लागल्या.

डवलीतली पेज टोपात ठिबकत राहिली.

"बोललो, काकी," जयवंत म्हणाला. "तुमच्याबद्दल बोललो."

शेवंतीकाकीचा चेहरा उजळला. "ऐकलास गो? आमचो जयवंत बोललो हा थंय! कारखानो सुरू होतलो बघ."

कुणीतरी हसलं. एकीनं पदरानं डोळे टिपले. पायरीवर मघापासून नसलेलं बोलणं सुरू झालं. कारखाना उघडला की कोण कुठं बसणार, आत पुन्हा तसाच धूर कोंडणार का, याच्या गोष्टी निघाल्या. जयवंत वाढत राहिला. टोप रिकामा झाला, तरी डवली फिरवत राहिला.

बायका ताटं धुऊन गेल्या. बाबांनी त्याच्या हातातली डवली काढून घेतली.

"मी तुला पेज वाढायला सांगितली होती," ते म्हणाले.

जयवंत चुलीपाशी बसला.

"काय सांगणार होतो मी तिला? ते कलम गेल्यावर तुमच्याबद्दल एक शब्दही निघाला नाही, असं? तिथं कुणी माणसांची नावं घेत नाही, बाबा. वस्तूंची यादी असते. आपला काजू एका ओळीत होता. दुपारी जेवायला उठण्याआधी ती ओळ आम्ही सोडून दिली."

"तेच सांग."

"आणि सांगून काय होणार? सही थांबवली तर कपडेवाल्या बायांचं काम जातं. केली तर यांचं. मी कुठंही उभा राहिलो तरी कुणाच्या तरी पोटावरच उभा असेन. तुम्ही वाट दाखवा... मी चालतो."

बाबा टोप घासू लागले.

"दाखवा ना."

"ती घरी पोचली असेल," बाबा म्हणाले.

जयवंत उठला. फाटकाबाहेर त्याची सरकारी गाडी उभी होती. ड्रायव्हरनं दार उघडलं. त्याला हातानंच थांबायला सांगून जयवंत पायवाटेनं निघाला.

वाट कारखान्यावरून जात होती. एरवी या दिवसांत भाजलेल्या बियांचा करपट वास अर्ध्या गावात भरलेला असे. आज काही नव्हतं. दाराशी पाचोळा साचला होता.

शेवंतीकाकी घरापुढच्या खळ्यात बसून आमसुलं उलटीपालटी करत होती. त्याला पाहून घाईनं उठली, आतून पाट घेऊन आली.

"बस रे. च्याय टाकतंय."

तो बसला नाही. उभ्यानंच त्यानं सगळं सांगितलं. काय घेतलं, काय दिलं. मजुरीचं कलम कसं होतं आणि ते कुणी काढलं. मठात आपण खोटं बोललो. कारखाना आता उघडणार नाही.

ती ऐकत राहिली. आमसुलं तशीच हातात होती.

"मी दुसरं काही करू शकलो नसतो, काकी," तो शेवटी म्हणाला.

"नसशीत," ती म्हणाली.

हातातली आमसुलं तिनं बोटांनी सुटी केली.

"पण जाण्याआदी एकदा आमका इचारूक होया होता. आमी काय सांगितला असता, ता माकाय ठावक नाय. कपडे शिवतत त्या बायांका देवा, असाय सांगितला असता कदाचित..." तिनं आमसुलं सुपात ठेवली. "इचारूक होया होता."

"चुकलंच माझं, काकी."

तिनं हात पदराला पुसले. पाट उचलला, भिंतीला टेकवून ठेवला. मग रस्त्याकडं बोट करून म्हणाली,

"तुमची गाडी थांबली हा, सायबानू. तुमका उशीर होतलो."

जयवंत तिथं आणखी थोडा वेळ उभा राहिला. ती आत गेली होती. चुलीवर चहा ठेवल्याचा आवाज काही आला नाही.

तो मठात परतला तेव्हा ऊन उतरू लागलं होतं. बाबा पायरीवर बसले होते. रस्त्यावरून ड्रायव्हरनं एकदा हलकेच हॉर्न वाजवला.

"सांगितलं, बाबा."

"हं."

"खोटं बोललो तेही सांगितलं. काही लपवलं नाही."

"हं."

जयवंत त्यांच्या पायांशी बसला. सकाळपासून पहिल्यांदाच त्यानं सुटकेचा निःश्वास टाकला.

"मला वाटलं होतं शिव्या देईल. दारात उभं करणार नाही. पण ती एका शब्दानं रागावली नाही, बाबा. गाडीला उशीर होईल म्हणून उलट तिलाच काळजी. मला चांगलं अहो-जाहो..."

तो बोलता बोलता थांबला.

पुरीबाबांनी त्याच्या डोक्यावर ठेवायला हात उचलला होता. तो तसाच परत मांडीवर आला.

"रागवायला," ते म्हणाले, "माणूस आपलं लागतं."