दुप्पट पाणी

"लग्नाआधी मीटर बरोबर होता, गुरुजी. ही घरात आली आणि हिच्या दर खेपेला पाणी दुप्पट जातं."

चहाचा ट्रे घेऊन आलेली सायो कागदी दाराबाहेरच थबकली. लग्नाला जेमतेम दोन महिने, आणि नवरा शोहेई आपल्या गुरूपुढे तिचं गाऱ्हाणं सांगत होता... तेही संडासाच्या पाण्यावरून!

जपानातल्या त्या लहानशा घरात शोहेईने स्वतः घडवलेला कमोड बसवला होता. जुन्याला तेरा लिटर पाणी लागे, याला सहा. तीन वर्षं त्यापायी गेली होती. उद्या कारखान्यात त्या कमोडचा निकाल होता. तोकुदा गुरुजी 'नको' म्हणाले, की सगळं संपलं.

"भांड्यात काही राहतं का?" गुरुजींनी विचारलं.

"छे! सोयाबीनच्या पिठाचे गोळे टाकून हजारदा पाहिलंय. एका फ्लशमध्ये लख्ख. तरी ही दोनदा दांडा ओढते. हिच्या माहेरी नदी वाहत असेल दारातून!"

"तिला विचारलंस?"

"तिला यातलं काय कळणार, गुरुजी?"

"गोळे बोलत नाहीत, म्हणून आपण मीटर लावतो. ती तर बोलते ना?"



बाहेर ट्रेमधला कप किणकिणला. दोघांनी एकदम दाराकडे पाहिलं.

"ये पोरी, आत ये."

सायोने चहा ठेवला. गुरुजी आपल्या मानाच्या बैठकीवरून उठले, तिला तिथे बसवलं, आणि स्वतः शोहेईच्या शेजारी गुडघे मोडून बसले.

"आता आम्ही दोघं शिकणारे. सांग, दोनदा कशासाठी?"

सायोचे कान तापले. हे तिला कोणी शिकवलं नव्हतं. आई करायची, मावशी करायची, वसतिगृहातल्या साऱ्या मुली करायच्या. बोलत मात्र कोणीच नसे. आज तीही गप्प राहिली असती... पण मग उद्या दोष भांड्याच्या माथी बसला असता.

तिने संडासाच्या दाराकडे पाहिलं. चार पावलांवर. मध्ये एक पातळ फळी.

शोहेईने तोंड उघडलं. गुरुजींनी नुसता हात वर केला.

"बसल्यावर लगेच एकदा ओढते, उठताना एकदा," सायो हळूच म्हणाली. "उठतानाचं पाणी भांड्यासाठी असतं, गुरुजी. आधीचं... इथे बसलेल्यांच्या कानांसाठी."