वल्ह्याला लावलेला कान

“कधीच चुकाचो नाय असो कान माका होयो, आबा. दुसरा काय नको.”

गुणाजी पराडकर एका दमात बोलून मोकळा झाला. अंगावर नौदलाचा पांढराशुभ्र गणवेश, पायात बूट. बुटांत वाळू शिरली होती. पण ती काढायला वाकणं त्याला कमीपणाचं वाटत होतं.

आबा तांडेल फाटकं जाळं सांधत बसले होते. याच गुणाजीला त्यांनी मासे ऐकायला शिकवलं होतं. वल्हं पाण्यात उभं धरायचं आणि दांड्याला कान लावायचा. खाली घोळ माशांचा थवा असला तर त्याची घुरघुर दांड्यातून वर येते.

दुसऱ्या महायुद्धाच्या चौथ्या वर्षी नौदलाने हा कान उचलून एका लढाऊ बोटीवर नेला आणि शत्रूच्या पाणबुड्या शोधायच्या यंत्रापाशी बसवला. यंत्र पाण्यात आवाज सोडतं. तो कशावर तरी आपटून परत आला, की काय असावं ते गुणाजीने ओळखायचं आणि पाणबुडी वाटली तर घंटा मारायची.

“मगे? काय झाला?” आबांनी विचारलं.

“एडनच्या वाटेर पडसाद इलो. मी घंटा मारलंय. पिंपाएवढे सा बाँब टाकले पाण्यात...”

“पाणबुडी गावली?”

गुणाजी बुटांकडे बघू लागला.

“घोळ,” तो म्हणाला. “सगळी घोळ वर इली.”

आबांची सुई थांबली. मग त्यांचं पोट हलायला लागलं, आणि डोळ्यांतून पाणी येईपर्यंत ते हलत राहिलं.

दुसरा कोणी चुकला असता तर बोटीने मनावर घेतलं नसतं. पण दर्यावर वाढलेल्या गाबिताला मासे ओळखू येऊ नयेत, ही गोष्ट सगळ्यांना फारच आवडली. दोन दिवस त्यांनी घोळ खाल्ली आणि हसणं अजून चालूच होतं. गुणाजी जेवायला आला, की स्वयंपाकी पळीने पातेलं वाजवून विचारायचा, “आज कौनसी मछली?”

“हसतत ता जांव दे,” गुणाजी म्हणाला. त्याचा आवाज बारीक झाला होता. “गेल्या खेपेक परत पडसाद इलो. हात घंटेर गेलो, आबा... आणि मी तो मागे घेतलंय.”

“कित्याक?”

“परत घोळ असली तर?”

आबा हसायचे थांबले.

“मागसून नऊ मालबोटी येय होत्यो. काय झाला नाय, सगळ्यो बंदराक लागल्यो. पण त्या दिसापासना माका जेवाण जायना. उद्या परत निघूचा आसा.”

आबांनी जाळं खांद्यावर टाकलं.

“चल.”

होडी थोडी आत गेल्यावर त्यांनी वल्हं उभं धरलं, कान लावला... आणि जाळं फेकलं.

जाळ्यातून शेवाळ आलं. एक करवंटीही आली.

किनाऱ्यावर मासे वाळत घालणाऱ्या बायका खो खो हसल्या. त्यांत आबांची बायको सगळ्यांत पुढे. “काय ओ, सांजच्या आमटीत करवंटी घालू?”

आबाही हसले आणि त्यांनी वल्हं पुन्हा पाण्यात धरलं.

पूर्वी हे रोजचंच होतं. गुणाजीला लाज वाटली ती आजच.

“आबा, लोक बघतत.”

“बघांदेत. तुझ्या बोटीर हसले किती जण?”

“सगळे.”

“सगळे म्हंजे किती?”

“माका सोडून एकशेतीन.”

“आज किती हसतत?”

गुणाजी जरा घुटमळला. “एकशेतीनच. एक पण कमी नाय.”

 आबांनी वल्हं गुणाजीच्या हातात दिलं.

टोपी घालून दांड्याला कान लावता येत नाही. गुणाजीने टोपी काढून गुडघ्यावर ठेवली, मग होडीच्या तळाशी ठेवली. तिथे पाणी होतं.

तो बराच वेळ ऐकत राहिला...

“काय आसा?”

“आसात पण... नसात पण.”

“मगे?”

गुणाजीने ओठ चावला. एकदा किनाऱ्याकडे बघितलं. मग त्याचा हात वर गेला, आणि वरच राहिला.

“टाका जाळा.”

आबांनी जाळं टाकलं. दोघांनी मिळून ते ओढलं. शेवाळ होतं, आणि पहिल्यापेक्षा जास्त होतं.

किनाऱ्यावर पुन्हा हशा पिकला. गुणाजीचे कान लाल झाले.

आबांनी ओली टोपी उचलली, पिळली आणि त्याच्या डोक्यावर ठेवली.

“हसांदेत रे, झिला. उद्या पण सगळेच्या सगळे हसाक होयेत.”