गांजाची अर्धल

आमच्या डोंगरवाडीत हौसाबाई राहते. परसात गांजाची दोन झाडं सापडली म्हणून तिचा नवरा तुरुंगात गेला. सुटून आला, पण फार दिवस जगला नाही.

एके दिवशी हॉटेलवाले रणनवरे साहेब तिच्या दारी आले.

“मावशी, आता काळ बदलला. परदेशात गांजासाठी विमानं भरून पर्यटक येतात. आपल्याकडंही कायदा सैल होणारच. तुमच्या एकरात आत्ताच पेरा, माल मी घेतो.”

“आणि पोलीस आले तर?”

“मी आहे ना! भ्यायचं कारणच नाही.”

हौसाबाईनं त्यांच्याकडं जरा वेळ निरखून पाहिलं.

“बरं साहेब, मग आपल्या रीतीनं अर्धलीनं करू. जमीन एकाची, राबणं दुसऱ्याचं, पीक निम्मं निम्मं. तुमच्या हॉटेलामागं रान मोकळंच आहे. तिथं मी पेरते, मी राखते. सातबाऱ्यावर पीक तेवढं तुमच्या नावानं लावा.”

साहेब दचकले. “छे छे! कायदा अजून झालाय कुठं?”

“मग तो काय माझ्याच बांधावर तेवढा झालाय?”

साहेब चहा न घेताच गाडीत बसले. हौसाबाईच्या एकरात यंदाही नाचणीच उभी आहे.